बेरिॲट्रिक ऑपरेशननंतरच्या मळमळ-उलट्यांसाठी मिळालेली सेवा: पुण्यातल्या एका हॉस्पिटलचा अनुभव

वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल शोधायला बसलं की किती किलो उतरले, साखर किती आली, पॅकेज कितीचं, एवढंच सापडतं. ऑपरेशननंतर जी मळमळ सुटते, कोरडे उमासे येतात, घोटभर पाणीसुद्धा घशाशी येतं, त्याबद्दल नीट कुणी सांगत नाही. म्हणून माझा हा अभिप्राय फक्त तेवढ्याच गोष्टीचा आहे. माझं स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन पुण्यात झालं. राहायला आम्ही कोल्हापुरात. घरची खानावळ आहे, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत फोडणीच्या खकाण्यात उभं राहणं हेच माझं काम. मधुमेह आहे, गुडघे गेलेले आहेत, आणि लहानपणापासून मला पटकन मळमळतं.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. डॉक्टर आणि सिस्टर बदलत असतात, आणि मला कुणाची जाहिरात करायची नाही. त्यांनी काय काय केलं ते बारकाईने लिहिते, म्हणजे नागपूरला असो वा नाशिकला, आपापल्या हॉस्पिटलमध्ये हेच मागून घेता येईल. माझं स्पष्ट मत असं आहे की ऑपरेशन आता बऱ्याच ठिकाणी चांगलं होतं. पैसे मोजायचे ते नंतरच्या देखभालीचे, आणि मळमळ-उलट्या हाताळण्यात ती देखभाल खरी कळून येते.

सेवा ऑपरेशनच्या आधीच सुरू झाली. भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या, रिपोर्ट चाळले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काकू, गाडी लागते का?” मी म्हटलं, गगनबावड्याच्या घाटात हमखास लागते, मागच्या सीटवर बसले तर पुण्यापर्यंतसुद्धा लागते. मग विचारलं, आधी कधी भूल दिली होती तेव्हा उलट्या झाल्या होत्या का. गर्भपिशवीच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर झाल्या होत्या, तेही सांगितलं. सिगारेट ओढता का हेही विचारलं. ते ऐकून आमचे हे हसायला लागले, तर मॅडमनी त्यांना बसवून समजावलं. भुलेनंतर कुणाला उलट्या होतील याचा अंदाज बांधायला अ‍ॅपफेल नावाच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये एक सोपा हिशेब मांडला आणि तो आजही जगभर वापरतात. त्यात चार गोष्टी पाहतात: रुग्ण बाई आहे का, ती सिगारेट न ओढणारी आहे का, तिला गाडी लागते का किंवा आधी भुलेनंतर उलट्या झाल्यात का, आणि ऑपरेशननंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं द्यावी लागणार आहेत का. यातलं एकही लागू नसेल तर शंभरातल्या साधारण दहा जणांना त्रास होतो, चारही असतील तर ऐंशी जणांना. सिगारेट ओढणाऱ्यांना भुलेची मळमळ कमी होते हे खरं असलं, तरी या ऑपरेशनआधी सिगारेट बंदच करावी लागते. जखम भरण्याच्या दृष्टीने ती वाईटच.

माझे तीन गुण आधीच भरले होते. बाई असणं किंवा गाडी लागणं काही बदलता येत नाही, मग हातात राहिली चौथी गोष्ट, ती अफूच्या जातीची वेदनाशामकं. तिच्यावर त्यांनी सगळा जोर लावला. भूल पूर्ण वेळ शिरेतून प्रोपोफॉलने दिली, वासाची भूल टाळली. पोटावरच्या भोकांच्या जागी बधिर करायचं इंजेक्शन आधीच दिलं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलचं सलाइन ठरलेल्या वेळेला. ट्रामाडॉल आपल्याकडे सर्रास देतात, त्याने मळमळ वाढते, म्हणून ते माझ्या कागदावर लिहिलंच नाही. उलटीसाठी एकाच औषधावर भरवसा न ठेवता सुरुवातीला डेक्सामेथासोन आणि शेवटी ओंडान्सेट्रॉन, अशी दोन वेगळ्या जातीची औषधं दिली. डेक्सामेथासोनने साखर वर जाते, मी मधुमेही, त्यामुळे नंतर बोटाला टोचून टोचून साखर बघत होते. त्याचा कंटाळा आला खरा, पण आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून भीती वाटली नाही.

आपल्यासारख्यांनी यातलं पाठ करायचं काहीच नाही. भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा दोन वाक्यं न विसरता सांगायची: मला गाडी लागते, आणि मागच्या भुलेला उलट्या झाल्या होत्या. घरातल्या माणसांनाही ती सांगून ठेवायची.

शुद्धीवर आले तेव्हा मळमळ होतीच. अजिबात होणार नाही असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, उरते एक अरुंद नळी, तिच्यात शंभर-दीडशे मिली मावतं. टाके ताजे, आतून सूज, आणि जठराच्या खालच्या टोकाची झडप पहिल्यासारखीच घट्ट. त्यामुळे आत गेलेल्या थोड्याशा पाण्याचाही दाब चढतो. पण उमासे येणं आणि उलट्यांनी हैराण होणं यात फरक आहे, आणि तो फरक वॉर्डातल्या सिस्टरनी केला.

खाटेची डोक्याकडची बाजू वर केलेली होती. काही तासांतच धरून खुर्चीत बसवलं, संध्याकाळी खोलीतल्या खोलीत चालवलं. पडून राहिलं की जास्त ढवळतं, हे पहिल्या चकरेतच जाणवलं. मळमळ वाढली तेव्हा सिस्टरने इंजेक्शनच्या आधी पुसायचा तो स्पिरिटचा बोळा नाकाशी धरला आणि नाकाने संथ श्वास घ्यायला सांगितलं. मला वाटलं, वासाने उलट वाढेल. पण दोन-तीन श्वासांत उमासा उतरला. नंतर भूलतज्ज्ञ मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या की आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याचा हा उपाय अभ्यासांतही उपयोगी ठरलाय, तातडीच्या विभागात येणाऱ्या रुग्णांवर तो तपासून पाहिलाय. परिणाम थोडा वेळच टिकतो, पण औषध चढेपर्यंतचा वेळ निघतो. रात्री एकदा जास्त झालं तेव्हा ओंडान्सेट्रॉन पुन्हा न देता दुसऱ्या जातीचं इंजेक्शन दिलं. एक औषध ताजं दिलेलं असताना उलटी झाली तर त्याचाच दुसरा डोस फारसा कामाला येत नाही, असं ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं.

आणि मग ते कप. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येतो तसा प्लास्टिकचा छोटा कप, काठापर्यंत भरला की 30 मिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने ट्रेमध्ये असे कप ओळीने मांडले, प्रत्येकात साधं पाणी, आणि समोर भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. एक कप पंधरा मिनिटांत संपवायचा. एकदम नाही. ओठ ओले होतील एवढा घोट, तोंडात क्षणभर धरायचा, गिळायचा, थांबायचं. नळी म्हणजे स्ट्रॉ वापरायची नाही, तिने हवा पोटात जाते. रिकामा झालेला कप उलटा करून ट्रेमध्ये ठेवायचा, म्हणजे किती गेलं ते सिस्टरला लांबूनच दिसतं. माझ्यासारख्या तांब्याने पाणी पिणाऱ्या बाईला तेवढ्याशा पाण्याकडे बघत बसणं जड गेलं, पण ट्रे उलट्या कपांनी भरत गेला आणि उलटी झाली नाही. घरी जाताना त्याच कपांचं एक पाकीट दिलं. आजवर कुणी मला दिलेली इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी वस्तू दुसरी आठवत नाही. हे कप औषधाच्या दुकानात सहज मिळतात. हॉस्पिटलने दिले नाहीत तर स्वतः आणा. वाटी-चमच्याचा अंदाज या दिवसांत कामाचा नाही.

आता या सेवेचा खरा गाभा, म्हणजे आहारतज्ज्ञ मॅडमचे फोन. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांचा रोज फोन यायचा, पुढे दिवसाआड, मग आठवड्याने. शिवाय मध्ये काही झालं तर करायला एक नंबर. फोन सगळीच हॉस्पिटलं करतात. “कसं आहे काकू, ठीक ना?” आणि ठेवला. इथे तसं नव्हतं. मळमळतंय म्हटलं की प्रश्न सुरू व्हायचे. कधीपासून? खाण्याआधी, खाताना की खाल्ल्यावर? काय घेतलं, किती, किती वेळात संपवलं? उलटीत काय निघालं, खाल्लेलं, आंबट पाणी, हिरवं पित्त की नुसता फेस? लघवी किती वेळा झाली, रंग कसा? पोट साफ झालं का? नाडीचे ठोके किती? कुठल्या गोळ्या कधी घेतल्या? आणि हे सगळं त्या लिहून घेत होत्या, कारण पुढच्या फोनला मागचं उत्तर त्यांना आठवायचं.

त्या प्रश्नांतून काय निघालं ते सांगते. सुरुवातीला माझी मळमळ दुपारी तीन-चारच्या सुमाराला यायची. खाल्ल्याने म्हणावं तर तेव्हा मी पातळ पदार्थांवरच होते. मॅडमनी कपांचा हिशेब विचारला, लघवीचा रंग विचारला, आणि म्हणाल्या, “काकू, ही पाण्याची मळमळ आहे.” अंगात पाणी कमी पडलं की मळमळ येते, मळमळ आली की पाणी नको वाटतं, आणि हे चक्र फिरत राहतं. दिवसाला दीड ते दोन लिटर एकूण पातळ जायला हवं, पण एकदम जात नाही, म्हणून उठल्यापासून झोपेपर्यंत सावकाश चालू ठेवायचं. सकाळच्या गडबडीत माझे कप मागे पडत होते. सुनेने मोबाइलवर गजर लावला आणि दुपारची मळमळ दोन दिवसांत विरली.

दुसरी भानगड व्हे प्रोटीनची, म्हणजे दुधाच्या निवळीपासून बनवलेल्या प्रोटीन पावडरीची. रोज 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन जायला हवं, नाहीतर केस गळतात आणि वजनाबरोबर स्नायूही झडतात, म्हणून पावडर घ्यावीच लागते. हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानातून घेतलेली चॉकलेटची पावडर इतकी गोड, की डबा उघडला तरी पोटात ढवळायचं. नवा चव-वास सहन न होणं या ऑपरेशननंतर अगदी नेहमीचं आहे, आधी आवडणारी गोष्टही नकोशी होते. मॅडमनी विनाचवीची, कमी लॅक्टोजची म्हणजे दुधातली साखर कमी असलेली आयसोलेट पावडर सुचवली आणि दुधाऐवजी पातळ ताकात घालायला सांगितली, चिमूटभर जिरेपूड आणि मीठ टाकून. मुगाच्या कढणातही चालते, पण कढण कोमट झाल्यावरच, कारण गरम पातळ पदार्थात पावडरच्या गुठळ्या होतात आणि ती गुठळी घशात आली की संपलंच. ताकातली मला सोसली. पूर्ण ग्लास एकदम न घेता तीही कपाकपानेच.

गोळ्यांबद्दलही असंच. लोहाची आणि जीवनसत्त्वाची गोळी अनशापोटी घेतली की अर्ध्या तासात उमासा यायचा. ती जेवणानंतर घ्यायला सांगितली, आणि लोह व कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने जी गोळी देतात तिनेही काहींना मळमळतं, तीही काहीतरी पोटात गेल्यावर. माझी मधुमेहाची मेटफॉर्मिन आधीच्याच डोसात चालू होती, तिचीही मळमळ असू शकते म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून डोस कमी केला. आणि ओंडान्सेट्रॉनची जिभेवर विरघळणारी गोळी, जी उलटी थांबवायला देतात, ती चार दिवस सलग घेतली की बद्धकोष्ठ होतो, आणि पोट साफ नसलं की पुन्हा मळमळ! हे मला कुणी सांगितलं नसतं तर मी गोळ्या वाढवत बसले असते. गोळी चांगलीच आहे, लवकर काम करते. कोरड्या हाताने पाकीट सोलायचं, जिभेवर ठेवायची, पाणी लागत नाही. पण हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांनी ती ईसीजी दाखवल्याशिवाय घेऊ नये असं मला बजावून सांगितलं होतं, म्हणून इथेही लिहिते.

फोडणीच्या वासाचा प्रश्न मात्र मोठा होता. आमच्याकडे तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, रोज कांदा-लसूण मसाल्याचा कट. घरी आल्यावर जिन्यातूनच वास आला आणि मला बेसिन गाठावं लागलं. मॅडमनी यांना फोनवर घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की निदान महिनाभर काकू स्वयंपाकघरात नकोत. घराची झोपायची खोली मागच्या बाजूला केली. माझं खाणं गरमागरम न वाढता कोमट किंवा गार वाढायला सांगितलं, गार पदार्थाला वास कमी येतो. सुनेने खानावळ सांभाळली, यांनी डबे पोचवले. लिंबू कापून जवळ ठेवायचं आणि वास घ्यायचा हा आईचा उपाय मला लागू पडला. बाकी घरगुती उपायांत मनगटपट्टाही वापरून पाहिला. मनगटावरच्या आडव्या रेषेपासून तीन बोटं कोपराच्या बाजूला, हाताच्या आतल्या बाजूच्या दोन ताठ शिरांच्या (स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधोमध जो बिंदू असतो, त्यावर गुंडी दाबून धरणारा पट्टा. त्या बिंदूवर दाब दिल्याने भुलेनंतरची मळमळ कमी होते असं अभ्यासांत दिसलंय. मला गाडीत फरक पडला, घरी तितका नाही. नुकसान काही नाही, किंमतही फार नाही. आलेपाक मात्र मॅडमनी बंद केला, त्यात साखर फार. आल्याचा तुकडा टाकून उकळलेलं पाणी गाळून, कोमट करून, तेवढं चालतं. पुदिना मला जळजळ असल्यामुळे नको म्हणाल्या. पुदिन्याने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते आणि आंबट पाणी वर येतं.

मऊ खाण्याच्या टप्प्यावर तर त्यांचे फोन नसते तर मी घाबरूनच गेले असते. घास घशाखाली अडकल्यासारखा होतो, तोंडाला लाळ सुटते, पांढरा फेस येतो. अशा वेळी पाण्याने ढकलायचं नाही. उठायचं, चालायचं, घास खाली उतरू द्यायचा, नाहीतर येऊ द्यायचा. मग पुढचे काही तास फक्त पातळ. बहुतेक वेळा कारण एकच असतं, घास मोठा किंवा चावणं कमी. एका घासाला वीस-तीस वेळा चावायचं, वीस ते तीस मिनिटांत जेवण, लहान मुलाच्या चमच्याने. जेवणासोबत पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. गव्हाची चपाती आणि मोकळा कोरडा भात बऱ्याच जणांना अडकतो. ज्वारीची भाकरी पातळ आमटीत पूर्ण भिजवून कुस्करली तर उतरते. मऊ मुगाची खिचडी, कुस्करलेलं पनीर, नीट मऊ शिजवलेलं अंडं, हे मला आधी सोसलं. चिकन बऱ्याच उशिरा, तेही खिमा करून रश्शासकट.

आता ते लिहिते ज्यासाठी खरं तर हा सगळा अभिप्राय लिहायला घेतला.

माझ्या माहेरच्या नात्यातल्या एका बाईंचं असंच ऑपरेशन दुसऱ्या एका गावात झालं होतं. त्यांना घरी गेल्यावर रोज उलट्या होत होत्या. हॉस्पिटलला फोन केला की उत्तर एकच, “होतं असं सुरुवातीला, सगळ्यांना होतं.” आठवड्यांमागून आठवडे गेले. वजन झरझर उतरतंय म्हणून घरचेही खूश. मग त्यांना एकाचे दोन दिसायला लागले, चालताना तोल जायला लागला, बोलताना विसरायला लागल्या. अशक्तपणा म्हणून कुणीतरी ग्लुकोजचं सलाइन लावलं. शेवटी मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बघताक्षणी थायमिनची इंजेक्शनं सुरू केली. थायमिन म्हणजे बी1 जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. सारख्या उलट्या होत राहिल्या, पोटात काही राहिलं नाही, की तो संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो. वेर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1881 मध्येच हा आजार वर्णन केला होता. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर तो आणखी बिघडतो, म्हणून थायमिन आधी किंवा सोबत द्यायचं असतं. त्या बाई सावरल्या, पण चालणं अजून पूर्वीसारखं नाही. त्यांचं जठर कुठे चुकीचं कापलं नव्हतं. फोन उचलणाऱ्याने चार प्रश्न विचारले नाहीत, एवढंच घडलं, आणि ते भयंकर आहे.

म्हणून मला मिळालेल्या कागदांमधला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे फ्रिजवर लावायला दिलेला पिवळा कागद. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की चोवीस तासांत पाणीसुद्धा टिकत नसेल, ताप असेल, पोटात किंवा डाव्या खांद्यात जोराचं दुखत असेल, नाडी 120 च्या वर राहत असेल, उलटीत रक्त असेल, लघवी होत नसेल, किंवा दोन-दोन दिसत असेल, तोल जात असेल, तर वाट न बघता यायचं. टाक्यातून गळती असेल तर नाडी आधी वाढते, दुखणं कधी कधी मागाहून येतं. काही आठवड्यांनी आधी उतरत असलेलं खाणं उतरेनासं झालं आणि पातळावरच यावं लागलं, तर नळी अरुंद झालेली असू शकते. तपासणीची दुर्बीण आत घालून फुग्याने ती रुंद करता येते. हे ऐकून मला भीती वाटली का, तर उलट निर्धास्त वाटलं. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे कळलं. यांनी नाडी मोजायचं छोटं यंत्र, ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, करोनाच्या वेळचं घरात होतंच, ते उशाशी ठेवलं होतं.

आता तक्रारी. सेवा चांगली म्हणून त्या दाबून ठेवणार नाही.

रविवारी तो नंबर उचलला जात नाही. एका रविवारी संध्याकाळी फोन करून करून कुणी घेतला नाही, मग हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवरून तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना गाठलं. ते नीट बोलले, पण त्यांच्याकडे माझी काही नोंद नव्हती. उलट्यांना सुट्टी नसते. निदान आठवड्याच्या सगळ्या नोंदी तातडीच्या विभागाला दिसायला हव्यात.

आहाराचा तक्ता इंग्रजीत, आणि त्यात ओट्स, ब्रोकोलीचं सूप, टोफू, ॲव्होकाडो. कोल्हापुरात खानावळ चालवणाऱ्या बाईला हे देऊन काय उपयोग? फोनवर मॅडम प्रत्येक गोष्टीला आपल्याकडचा पर्याय सांगायच्या, तेच छापून द्यायला काय हरकत आहे. ज्यांना फोनवर बोलायला जमत नाही किंवा लाज वाटते, ते तक्ता बाजूला ठेवून आपल्या मनाने खातात, आणि मग उलट्या होतात.

विम्याचंही सांगायला हवं. ऑपरेशनचा खर्च विम्यातून निघू शकतो. विमा नियामकांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे वजनाच्या ऑपरेशनला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 किंवा त्याहून जास्त, किंवा 35 किंवा त्याहून जास्त आणि सोबत आटोक्यात नसलेल्या मधुमेहासारखा गंभीर आजार, अशा अटी असतात. पण नंतरच्या पावडरी, जीवनसत्त्वं, आहारतज्ज्ञाच्या भेटी यांचा खर्च बहुतेक खिशातूनच जातो, आणि तो काही महिने नाही, गोळ्यांच्या बाबतीत जन्मभर चालतो. आमच्या हॉस्पिटलने फोनची सेवा वर्षभर पॅकेजमध्येच धरली होती. आगाऊ पैसे भरण्याआधी हे लिहून घ्या. नंतर भेटीमागे वेगळे पैसे सांगितले की माणसं फोन करायचं टाळतात, हे मी ऑपरेशन झालेल्या आमच्या गटातल्या दोन-तीन जणींच्या बाबतीत पाहिलंय.

आणि पैसे भरायच्या आधी विचारायचे प्रश्न मी असे विचारीन: उलटी झाली तर फोन कोण उचलणार, रात्री कोण, रविवारी कोण? आहारतज्ज्ञ कायमच्या आहेत की बाहेरून येतात? थायमिन केव्हा सुरू करता? सलाइन लावायची वेळ आली तर त्यात थायमिन आधी देता का? भुलेच्या आधी मळमळीचा धोका किती ते कोण तपासतं? उत्तर देताना समोरचा माणूस चिडला, तर दुसरं हॉस्पिटल बघा.

पाचातले साडेचार गुण मी या सेवेला देते. अर्धा कापला तो रविवारचा आणि इंग्रजी तक्त्याचा. तक्त्याची तक्रार मी लेखी दिली, तेव्हा आहारतज्ज्ञ मॅडमनी मलाच सांगितलं की तुमच्याकडचे पदार्थ लिहून पाठवा, मी प्रोटीन आणि माप बसवते. मी मुगाचं कढण, हुलग्याचं माडगं, नाचणीची पातळ आंबील, जिऱ्याचं ताक, कुळथाचं पातळ पिठलं, दहीपोह्यांऐवजी दह्यातली कुस्करलेली भाकरी, असं बरंच लिहून पाठवलंय, कुठल्या आठवड्यात काय सोसलं ते पुढे लिहून. मराठी तक्ता छापून आला की त्यांच्याकडून परवानगी घेऊन इथे भर घालीन.